गालिचा काढा, मग बोला

साळवे सर 'शी!' म्हणायचे. राग आला म्हणून नव्हे, किळस आली म्हणून. आणि किळस त्यांना उठल्यासुटल्या यायची. फळा अर्धवट पुसलेला दिसला, शी! कुणाचं बिस्कीट चहात विरघळून पडलं, शी! एखाद्या पोरानं "सर, गाइडमध्ये असंच दिलंय" म्हटलं, तर नुसत्या शीवर भागायचं नाही. मग डोळे मिटायचे, नाक आक्रसायचं आणि तोंड असं व्हायचं की यांना आत्ताच आमटीत पाल सापडली आहे. त्या तोंडाला अख्खी शाळा वचकून असायची. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही, आणि त्यांना तिची गरजही पडली नाही.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवते. शाळा जालना रोडच्या अंगाला, शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या लोकांच्या वस्तीत. सर नवीन रुजू झाले तेव्हा आमची पहिली गाठ पडली ती भांडणानंच. मी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाले, "नववी ब म्हणजे निव्वळ ढ आहे हो!" कोपऱ्यातून आवाज आला, "कुणाच्या मानानं?"

मी वळून बघितलं. काळा-सावळा, सडपातळ माणूस, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. म्हटलं, "अ च्या मानानं."

"आन अ हुशार कुणाच्या मानानं?"

"ब च्या."

"म्हणजे तुम्ही दोघांतला फरक सांगायलात. मग फरक म्हणा ना. एकट्या ब ला ढ कशाला म्हणता? शी!"

अहो, संतापच आला मला. कालचा आलेला माणूस, आणि मला शी म्हणतो! मीही काही ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "आमच्या भूगोलात चालतं. खुलताबाद उंचावर आहे असं आम्ही खुशाल म्हणतो."

"कशापासून मोजता?"

"समुद्रसपाटीपासून."

"समुद्र बघितलाय का तुमच्या पोरांनी?"

"नसेना का बघितला! शून्य कुठंतरी धरावंच लागतं. सगळ्यांनी मिळून तिथं धरलंय."

त्यावर हा माणूस चक्क हसला. म्हणाला, "बाई, तुम्हाला व्होल्टेज कळतंय. इथल्या विज्ञानवाल्यांना कळत नाय, आन तुम्हाला कळतंय." स्टाफरूममध्ये त्या वेळी दोन विज्ञानवाले बसलेले होते. त्यांनी पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

सरांचं गाव गंगापूरच्या पुढे, गोदावरीच्या बाजूला. आजोबांनी धर्म बदलला, बापानं पोरांना शिकवलं, आणि सरांनी विज्ञान हेच आपलं काम मानलं. घरात देवधर्म नाही, गळ्यात-हातात दोरा नाही, आणि जिभेवर गोड शब्द तर औषधालासुद्धा नाही. शहरात एवढी वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं गाव हललं नव्हतं. एकदा हेडसर म्हणाले, "साळवे, जरा शुद्ध बोलत जा वर्गात." सर म्हणाले, "शुद्ध? कशाच्या मानानं?" हेडसरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

एकदा माझा तास मोकळा होता म्हणून मी त्यांच्या दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी विचारलं, "विभवांतर म्हणजे काय?" एक मुलगी ताडकन उठली आणि एका श्वासात म्हणाली, "एकक धनप्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे त्या दोन बिंदूंमधील विभवांतर होय."

"छान. कुठाय तो बिंदू? दाखव मला."

पोरगी पंख्याकडे बघायला लागली. "शी!" सर म्हणाले. "पाठ केलं, गिळलं, आन पेपरात ओकणार. बस खाली."

मग त्यांनी खिशातून एक सेल काढला, टॉर्चचा बल्ब काढला, तारा काढल्या, आणि टेबलावर मीटर ठेवला. बल्बाच्या दोन्ही तारा सेलच्या एकाच टोकाला टेकवल्या. "लागला का?" पोरं म्हणाली, "नाय सर." "का नाय? सेल नवाय, बल्ब चांगलाय, तारा चांगल्यायेत. मग?"  खिडकीजवळचा एक जण चाचरत म्हणाला, "सर, दोन्ही तारा एकाच जागी हायेत."

"मग काय झालं? त्या जागी व्होल्टेज नाय का?"

"एकाच जागी... फरक कसा असंल, सर?"

सरांनी एक तार सोडवून सेलच्या दुसऱ्या टोकाला लावली. बल्ब लागला. "वहीत लिहू नका," सर म्हणाले. "लिहिलं की तुम्ही विसरता. नुसतं ध्यानात ठेवा. व्होल्टेज एका जागी राहत नसतंय. ते दोन जागांच्या मधे असतंय. कुणी म्हणलं, इथं लई व्होल्टेज हाय, तर त्याला विचारायचं, कशाच्या मानानं? म्हणून तर या मीटरला दोन पाय हायेत. एका पायाचा मीटर दुनियेत कुणी बनवला नाय."

मग विचारलं, "बल्बानं काय खाल्लं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "करंट!" तेव्हाचं सरांचं तोंड मी विसरूच शकत नाही. त्यांनी बल्बाच्या आधीचा करंट मोजला, नंतरचा मोजला. दोन्हीकडे सारखाच. मग मीटरचे दोन पाय बल्बाच्या दोन अंगांना लावले आणि काटा हलला. "जेवढा आत गेला तेवढाच बाहेर आला. कमी झालं ते इथून तिथपर्यंतचं व्होल्टेज. खाल्लं असंल तर ते खाल्लं." एका पोरानं विचारलं, "सर, गाइडमध्ये पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलंय, ते का नाही सांगत?" सर म्हणाले, "आपल्या गावात टाकीत पाणी असतंय का रं कधी?" सगळा वर्ग खो खो हसला. आठवड्यातून एखाद्या दिवशी नळ येणाऱ्या शहरातली पोरं ती, हसणारच.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या शाळेतल्या घाणीकडे वळते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब. मोठं शेतीवाडीचं घराणं, शहरात दोन मंगल कार्यालयं. संस्था त्यांच्या वडिलांनी काढलेली. त्या वडिलांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा वारल्यावर भाऊसाहेबांनी त्यांच्या स्मरणार्थ शाळेत पाणपोई बांधली. व्हरांड्याच्या टोकाला चकचकीत फरशी, स्टीलचा मोठा वॉटर कूलर, त्याच्यावर अप्पांचा हार घातलेला फोटो, बाजूला सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंडीत तुळस, आणि भिंतीवर संगमरवरी पाटी. फोटो आहे म्हणून तिथं चपला काढूनच जायचं, असा नियम. चिमुकली पोरं चपला काढून, सांडलेल्या पाण्यात पाय बुडवून तोटी धरायची. आम्ही शिक्षक मात्र ऑफिसातल्या जारचं पाणी प्यायचो. तिकडं कुणी फिरकायचंच नाही.

मार्चच्या उन्हात एका दुपारी पाचवीतली आफरीन वर्गात घेरी येऊन पडली. तास साळवे सरांचा होता. तोंडावर पाणी मारून तिला बसवलं, आणि सरांनी विचारलं, पाणी का पीत नाहीस. ती म्हणाली, "बाटली खतम हो गई सर. मैं उधर का पानी नै पीती. अप्पा काटते."

"कौन अप्पा?"

"वो फोटूवाले. होमवर्क नै करे तो काटते."

सरांनी वर्गाकडे बघितलं. सगळी पोरं माना डोलवत होती. व्हय सर, अप्पा चावतेत. मला बी चावले. तोटी धरली की हातातून कोपरापर्यंत जातं. ही गोष्ट शाळेतल्या सगळ्या लहान पोरांना ठाऊक होती. बरं, पोरांचं सोडा. दोन-तीन शिक्षकांनाही ठाऊक होती! त्यांनी काय केलं असेल? पोरांना दम द्यायला ती वापरली. "अभ्यास कर, नाहीतर अप्पा चावतील."  लेकरांच्या हाताला वीज चावतेय आणि हे मास्तर तिच्यावर वर्ग गप्प बसवतायत! थू असल्या मास्तरकीवर.

सर मीटर घेऊन तिथं गेले, मी मागोमाग. मीटरचा एक पाय तोटीला, दुसरा ओल्या फरशीला. बासष्ट व्होल्ट आले. सरांनी कूलरचा प्लग काढला, पुन्हा मोजलं, शून्य. प्लग लावला, पुन्हा बासष्ट. मग म्हणाले, "बाई, तोटीत बासष्ट, फरशीत शून्य, आन मधे लेकरू. सेलच्या दोन टोकांच्या मधे बल्ब असतोय ना, तसं."

हेडसरांनी वायरमनला बोलावलं. हा पाणपोईचं काम करणारा ठेकेदारच. भाऊसाहेबांचा मेहुणा. जाड बूट घालून आला, तोटीला टेस्टर लावला आणि म्हणाला, "बघा, टेस्टरचा दिवा लागत नाय. करंट नाय."

"टेस्टर एवढ्याशा व्होल्टेजला लागत नसतो," सर म्हणाले. "लेकराला मात्र लागतं. गळती वीज जमिनीत न्यायला अर्थिंग कुठं दिलंय?"

"दिलंय की."

"कुठं? दाखव."

माणूस दाखवेना. सरांनी मग भिंतीवरून अर्थिंगची हिरवी वायर शोधत नेली. रंगाखाली दबलेली, कोपऱ्यातून खाली उतरलेली. आणि ती कुठं गेली होती सांगू? तुळशीच्या कुंडीत! कुंडीतल्या मातीत एक पत्रा पुरला होता, त्याला ती वायर बांधलेली. ठेकेदार म्हणतो कसा, "खाली सगळा काळा दगड हाय सर, कोण खोदत बसणार? अर्थिंगला माती लागते. कुंडीत माती हाय. रोज पाणी बी पडतंय."

मला हसावं का रडावं कळेना. सर मात्र त्या कुंडीकडे बघतच राहिले. "फरशीवर सिमेंटची कुंडी, कुंडीत माती. ही जमीन व्हय रं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यानं शून्य कुंडीत लावलंय!" मी म्हटलं, "उद्या बादलीत पाणी भरून खुलताबादची उंची मोजतील." सर त्या दिवशी हसले नाहीत.

प्लग काढून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलेला. पुन्हा काढला, पुन्हा लावलेला. हेडसर म्हणाले, "साहेबांची देणगी आहे ती, बंद कसं ठेवायचं?" म्हटलं, पोरगं मेलं म्हणजे? तर म्हणाले, "इतके दिवस कुठं कुणी मेलंय?" हे शाळेच्या प्रमुखाचं बोलणं! सरांनी मग प्लगच कापून खिशात घातला. हेडसरांनी नवा प्लग बसवून घेतला आणि त्यावर कुलपाचा डबा ठोकला. डब्याला कुलूप लावायची अक्कल होती, अर्थिंगला खड्डा खणायची नव्हती.

सर मग रोज मधल्या सुट्टीत पाणपोईसमोर उभे राहू लागले. पोरांना तोटी धरू देईनात. ऑफिसातला जार उचलून आणायचा आणि पोरांच्या बाटल्या भरून द्यायच्या, हे रोजचं काम झालं. आणि मग सुरू झाली कुजबूज. बाहेर बोललं जाऊ लागलं, "साळवे सर लेकरांना पाण्याला हात लावू देत नाहीत." शब्द बघा कसे निवडले होते. हेडसरांनी ते सरांच्या तोंडावर सांगितलं आणि वर म्हणाले, "निदान तुमच्यातल्या माणसानं तरी असं करू नये."

मी तिथंच होते. म्हटलं, "हेडसर, जीभ आवरा." पण सरांनी मला हातानं थांबवलं. त्यांचं तोंड तेव्हा नेहमीसारखं झालं नव्हतं. शीसुद्धा म्हणाले नाहीत. बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "माझ्या आजाला विहिरीला हात लावू देत नव्हते, बाई. वरून ओतायचे, तो खालून ओंजळीनं प्यायचा. आन आज मी लेकरांना म्हणायलोय, हात लावू नका. मला काय बरं वाटतंय का हे? रोज जीभ जड होती. पण हात लावला तर मरतील, मग काय करू?" मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्यात अप्पांची पुण्यतिथी आली. दरवर्षी मोठा कार्यक्रम असतो. मंडप, पाहुणे, भाषणं, आणि शेवटी सगळी पोरं रांगेनं पाणपोईवर येऊन पाणी पितात. सरांना निरोप आला की कार्यक्रमात उभं राहून माफी मागा, स्मारकाचा अपमान केलाय तुम्ही. मागितली नाही तर काय, ते कुणी सांगितलं नाही, पण आमच्या संस्थेत ते सांगावं लागत नाही. याचा शेवट व्हायचा तोच झाला. सरांची बदली गंगापूर तालुक्यातल्या एका शाखेवर झाली, जिथं प्रयोगशाळा म्हणून एक कपाट आहे. ते तिथं आहेत, ठणठणीत आहेत, आणि फोनवर मला तिथल्या शिक्षकांबद्दल तासन् तास शी शी करून दाखवतात. इथला कूलरही आता नीट आहे. मशीन लावून काळा दगड फोडला, खोल खड्डा घेतला, त्यात अर्थिंग दिलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी काय झालं ते सांगितल्याशिवाय साळवे सर कळायचे नाहीत.

त्या दिवशी मंडपापासून पाणपोईपर्यंत लाल, जाड, कोरडा गालिचा अंथरला होता, थेट कूलरला भिडलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना फरशी धुऊन ओलीगच्च. पोरं बाजूला रांगेत उभी. भाऊसाहेबांनी भाषण केलं, डोळे पुसले, मग माइक हातात घेऊनच पाणपोईशी आले. बूट काढले, मोजे काढले, आणि गालिच्यावर उभं राहून तोटी धरली. "बघा!" ते म्हणाले. "अनवाणी उभा आहे मी. कुठाय करंट? काही लोकांना चांगलं काम बघवत नाही." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी सर्वांत जोरात.

गर्दीतून सरांचा आवाज आला, "गालिचा काढा, मग बोला."

टाळ्या थांबल्या. सर पुढे आले. "भाऊसाहेब, लेकरं गालिच्यावर उभी राहत नाहीत. ती तिथं ओल्यात राहतात. तुम्ही दोन पावलं बाजूला या, पाय ओले करा, आन मग तोटी धरा. काही झालं नाय तर इथंच माफी मागतो आन नोकरी सोडून जातो."

भाऊसाहेब हसले. "अहो, हा काय खेळ आहे का?" असं म्हणता म्हणता त्यांचा डावा पाय गालिच्याच्या काठाशी होता तो त्यांनी हळूच आत ओढून घेतला. मी बघितलं. सरांनी बघितलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं हो! कुंडी ठाऊक होती, तोटी ठाऊक होती, गालिचा कशासाठी अंथरला तेही ठाऊक होतं. आणि थोड्या वेळानं त्याच तोटीला तो शेकडो पोरांचे हात लावणार होता.  पदर तोंडाला लावून मी भिंतीला टेकले.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून आक्का उठल्या. आक्का म्हणजे अप्पांच्या पत्नी, भाऊसाहेबांच्या आई. वाकलेल्या, पांढरं लुगडं, कधी कुणी त्यांना चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. दरवर्षी तुळशीला पाणी घालायचं आणि कूलरला हात लावून फोटोला नमस्कार करायचा, एवढंच त्यांचं काम असे. त्या सरांपाशी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, ते झिणझिणतं ते विजेचं असतंय?"

"व्हय, आक्का."

"दुसऱ्या कशाचं नाय?"

"दुसऱ्या कशाचं नाय. विजेचंच."

 "मला दरवर्षी लागतं," आक्का म्हणाल्या. "मी कुणाला बोलले नाय. मला वाटलं, हे अजून रागात हायेत." भाऊसाहेबांच्या हातातला माइक चालूच होता. सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. आक्का साध्या आवाजात पुढे म्हणाल्या, "त्यांचा हात लई चालायचा. गेल्यावर बी चालतोय, असं वाटायचं."

 भाऊसाहेब म्हणाले, "आई, चल, बस खाली."

"थांब रं," आक्का म्हणाल्या. "मास्तर, बंद करून दावा."

हेडसरांनी एकदा भाऊसाहेबांकडे बघितलं, एकदा आक्कांकडे, आणि कुलूप काढलं. सरांनी प्लग उपसला आणि तो आक्कांना दिसेल असा हातात धरला. मग मीटरचा एक पाय तोटीला लावला, दुसरा ओल्या फरशीला. "हे बघा, शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तोटी आन फरशी आता सारख्या झाल्या. फरक राहिला नाय. फरक नाय, म्हणून काही लागत नाय." एवढं बोलून सरांनी चपला काढल्या, ओल्यात उभे राहिले आणि स्वतः तोटी मुठीत धरली. "या."

आक्का गालिच्यावरून ओल्या फरशीवर उतरल्या. हात पुढे केला, पण खांदा वर चढला, मान आत गेली, डोळे मिटले. मार खाल्लेलं माणूस असं करतं. बोटाची टोकं तोटीला टेकवली आणि चटकन मागं घेतली. सर म्हणाले, "घाई नाय, आक्का." त्यांनी पुन्हा टेकवली. मग सगळा तळवा टेकवला. खांदा हळूहळू खाली आला.

"म्हणजे ते नव्हतेच," त्या म्हणाल्या.

"नाय, आक्का. नव्हते."

"आन मी उगंच भ्यायले."

"आई, लोक बघायलेत," भाऊसाहेब दातांतून बोलले.

"बघू दे," आक्का म्हणाल्या. त्यांनी तोटी फिरवून उघडली, तिच्याखाली ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायल्या.